अर्ध्या चेहऱ्याचं स्थळ

माझ्या बहिणीला भूतकाळ नव्हता. तो मी दिला.

तेव्हा मला जुन्या काळ्यापांढऱ्या गुन्हेगारी सिनेमांचं वेड लागलं होतं. हॅटवाले हिरो, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, धूर, आणि गोड बोलून हिरोला खड्ड्यात घालणारी एक बाई! त्यात आमचं गाव घुग्घुस. एका बाजूला कोळशाची खाण, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा कारखाना. इथं रंगीत कॅमेरा घेणं म्हणजे पैशाचा चुराडाच. (बाबांच्या मते मी कुठलाही कॅमेरा घेणं म्हणजे चुराडाच.)

अशात माझ्या बहिणीला, प्रीतीला, राजुऱ्याचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, घरचे सज्जन, आणि प्रीतीला तो फोटोतच आवडलेला. तिकडून निरोप आला, पोरीचा छोटासा व्हिडिओ पाठवा. आईनं हौसेनं ते काम मला दिलं!

मी खिडकीला बांबूची ताटी लावली, एकच बल्ब ठेवला आणि कोपऱ्यात ऊद पेटवला.

"हसू नको. डोळ्यांत रहस्य आण."

"दादा, मी बी.एड. केलं आहे. रहस्य कुठून आणू?"

"अन् मान फिरव. अर्धा चेहरा अंधारात पाह्यजे."

"काऊन? त्या अर्ध्याचं लगन नाई करायचं काय?"

वरून मी घोगऱ्या आवाजात चार ओळी टाकल्या: 'या गावात कोणीच निष्पाप नाही. ही मुलगीही नाही. तिच्यामागे एक भूतकाळ आहे...' ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. घरात कोणालाही न दाखवता व्हिडिओ पाठवून दिला. (कलावंतानं परवानगी मागायची नसते!)

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलाच्या वडिलांचा फोन. बाबांनी तो स्पीकरवर घेतला.

"भाऊ, पोरीचा अर्धाच चेहरा दिसून राह्यला. बाकीच्याले काई झालं काय?"

"नाई हो!"

"अन् तो भूतकाळ कोणचा?"

मी चप्पल शोधू लागलो. बाबाही चप्पलच शोधत होते, पण पळायला नाही.

प्रीती आत जाऊन रडत बसली. हे काही मी ठरवलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी मुलासकट तिकडची मंडळी जीप करून थेट दारात! सोबत मुलाचे मामा, निवृत्त हवालदार. आणि नेमकी लाइट गेली. धुळीपायी आमच्या खिडक्या कायम बंद, त्यामुळे घरात मिट्ट काळोख. मामांनी मोबाइलचा टॉर्च प्रीतीच्या तोंडावर मारला.

"बाई, खरं सांग. कोणता भूतकाळ?"

मी भारावून गेलो! "मामाजी, टॉर्च जरा खालून धरा, सावली मस्त..."

आईनं असा चिमटा काढला की वाक्य तिथंच राहिलं.

प्रीतीनं डोळे पुसले, टॉर्च हिसकावला आणि माझ्या तोंडावर धरला. "हा पाहा माहा भूतकाळ! लहानपणापासून मागं लागला आहे. घेऊन जा याले, हवालदार साहेब!"

अंधारातून मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. "मामा, बस झालं. मले पोरगी पसंत आहे. फक्त लग्नात हे भाऊ कॅमेऱ्याले हात लावणार नाईत."

"कबूल!" प्रीती ओरडली. (लाजणं वगैरे काही नाही!)

लग्नात बाबांनी मला मांडवामागं जनरेटरपाशी बसवलं. "एक बी बल्ब विझला तं तुही खैर नाई!" वरात आल्यापासून मी डिझेल ओतत होतो. निघताना प्रीती मुद्दाम मांडवामागं आली, गळ्यात पडून रडली. मीही रडलो, आणि माझ्या हातांचं सगळं काळं तिच्या शालूला लागलं.

ती गेल्यावर एक पाहुणे माझ्यापाशी आले. मला वाटलं, धीर द्यायला आले असतील.

"जनरेटर चांगला सांभाळता भाऊ तुमी. पुढच्या महिन्यात माह्या पोरीचं लगन आहे. मोकळे आहात काय?"

मी नंबर देऊन टाकला.