रिकाम्या फ्लॅटची बाल्कनी

त्या वर्षी आमच्या कंपनीने निर्वासितांसाठी पळायचं ठरवलं. धर्म वेगळा म्हणून स्वतःच्याच गावात नकोशी झालेली, सरहद्द ओलांडून तंबूत राहणारी कुठल्या तरी देशातली माणसं, त्यांच्यासाठी निधी. जोडीने पळायचं आणि जोडीनेच शेवटची रेघ ओलांडायची, नाहीतर देणगीदार पैसे देणार नाहीत, असा नियम. माझ्या जोडीला शेजारच्या टेबलावरचा सहकारी आला. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं मुसलमान घर. बोलायला माझ्यापेक्षा जास्त पुणेरी.

त्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये त्याने विचारलं, "अहो, वाघोलीतला तुमचा दुसरा फ्लॅट भाड्याने द्यायचाय ना? बायको तिथल्याच कॉलेजात शिकवते. आता तिला दिवस गेलेत. कॅम्प भागातली भाड्याची जागा सोडायचीच आहे, आणि तिथून दोन-दोन बस बदलणं होत नाही तिच्याने."

"अरे, कालच दिला," मी म्हणालो. इतकं सहज आलं तोंडातून की मलाच नवल वाटलं.

खरोखर कुणी भाडेकरू मिळता तर सुटलो असतो. पण मंदी होती, वाघोलीत गेटागेटावर 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या. आणि मी तिथेच राहत असल्यामुळे आमचा सराव तिकडेच, नेमका त्या इमारतीवरून. दर रविवारी तो स्कूटरवरून यायचा, पळता पळता वर बघायचा.

"तुमचे भाडेकरू दिसत नाहीत कधी."

"रात्रपाळी असते त्यांना."

मग मी शनिवारी संध्याकाळी जाऊन त्या बाल्कनीत कपडे वाळत घालू लागलो. माझेच. बायकोला सांगायचो, नळ गळतोय, बघून येतो.

एका रविवारी तो बुटाची नाडी बांधायला थांबला. वर दोरीवर आमच्या शर्यतीचा नारिंगी टी-शर्ट लटकत होता.

"भाडेकरूसुद्धा निर्वासितांसाठी पळतात वाटतं," तो म्हणाला. "चांगली माणसं मिळाली तुम्हाला."

एवढंच. पुढच्या रविवारी पुन्हा वेळेवर हजर. जोडी बदलून मागावी, तर कारण काय सांगणार? आमच्या दोघांच्या नावावर लोकांनी देणगी कबूल केलेली. शर्यतीला जाऊच नये, तर तेही सगळ्यांना कळणारच. त्याच्याशेजारी पळत राहण्यावाचून मला जागाच उरली नव्हती.

शर्यतीच्या दिवशी निम्म्या वाटेत धाप लागली आणि बोललो.

"तो फ्लॅट रिकामाच होता."

"हो. कपडे तुमचे होते."

"सोसायटीतले लोक नाही म्हणाले असते रे."

"विचारलंत त्यांना?"

"नाही," मी म्हणालो.

कुणालाही विचारलं नव्हतं. नकार माझा होता. सोसायटीच्या नावावर तो खपवता येतो, एवढीच सोय होती.

"किल्ली आज घेऊन जा," मी म्हणालो.

"नको. कोंढव्यात घेतलं आम्ही, आमच्याच लोकांत. तिथे कुणी काही विचारत नाही. कॉलेज लांब पडतं म्हणून तिने नोकरी सोडली."

मी थांबलो. मला रस्त्याच्या कडेला बसायचं होतं, घरी जायचं होतं, त्याने पुढे निघून जावं असं वाटत होतं. तो चार पावलं पुढे जाऊन वळला.

"चला," तो म्हणाला. "तंबूतल्यांचे पैसे अडतील."

उरलेलं अंतर तो माझ्या वेगाने पळाला.