भागोजी सुरुंगवाल्याचं रॉकेट

‘शनिवार, १९ जानेवारी २००२. सकाळी गार वारा. दहा वाजता शाळेत विज्ञान प्रदर्शन, परीक्षक म्हणून गेले. सानिकाच्या रॉकेटला दुसरे बक्षीस. येताना पडवळ आणले.’

एवढं लिहून आनंदीबाईंचं पेन थांबलं. रोजनिशी लिहायची सवय कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली, पन्नास वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. पण आजचं खरं वाक्य कागदावर उतरेना.

ते भागोजीबद्दल होतं. भागोजी म्हणजे सानिकाचा आजा. रत्नागिरीच्या आसपासच्या कितीतरी विहिरी त्याच्या सुरुंगांनी फोडलेल्या. आनंदीबाईंच्या परसातली विहीर त्यानेच एकोणसत्तर साली काढली आणि तिथल्या कातळात उजव्या हाताची दोन बोटं घालवली. आनंदीबाईंच्या यजमानांनी त्याला एक धोतरजोडी दिली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो गाळ काढायला येई आणि परसदारी बसून चहा घेई. कप त्याचा वेगळा असे. तो कप कधी बदलावा असं आनंदीबाईंच्या मनात आलं नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्याच परसात सानिका पत्र्याचे तीन डबे एकावर एक जोडत होती.

“आजा, आग जमिनीला रेटते म्हणून रॉकेट वर जातं ना?”

“खुळी काय तू? सुरुंग फुटला की चारी अंगांनी सारखाच ढकलतो. भोकाचं तोंड मातीनं नीट ठासलं नाय तर जोर तोंडातून निसटतो. रॉकेटाचं खालचं तोंड मुद्दाम उघडं ठेवतात. खालचा जोर निसटला, वरचा आत उरला. तोच त्याला वर नेतो. जमीन लागत नाय, हवा लागत नाय.”

“आणि पृथ्वी ओढते ती?”

“ओढते तर! वरचा जोर तिच्या ओढीपेक्षा भारी पायजे. दारू जळंल तसं वजन कमी, रिकामा डबा झाला की टाकून द्यायचा.”

आनंदीबाईंनी शाळेतलं जुनं पुस्तक काढून पाहिलं. त्यात हेच होतं. पुढचं त्यांनी सानिकाला वाचून दाखवलं: वर गेल्यावर आडवा वेग इतका वाढवायचा, की रॉकेट पडता पडता पृथ्वीची गोलाईही खाली वळत जाते आणि ते जमिनीवर येतच नाही. त्या संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं, ‘भागोजी बरोबर.’

पहिला नंबर चिपळूणच्या प्रदर्शनाला जाणार होता. सानिकाने वाडीभर सांगून ठेवलं होतं.

मुख्य परीक्षक होते खातू सर, यजमानांचे जुने स्नेही. टेबलावर दिवंगत यजमानांच्या नावाचा चषक, त्यामुळेच दरवर्षी आनंदीबाईंनाही परीक्षक म्हणून बोलावणं येई. सानिकाने आजाचं म्हणणं न अडखळता सांगितलं. खातू सर हसले.

“अगं, आग जमिनीला रेटते म्हणून ते उठतं. हे तुला कोणी शिकवलं?”

“आजानं.”

सगळे हसले. मागे धुतला सदरा घालून उभा असलेला भागोजी पुढे आला. “सर, वर तर हवापन नाय. तितं कोनाला रेटंल?”

“भागोजी, ही विहीर नव्हे.”

“तेच हाय, सर. वयनी, तुमी पुस्तकात बगितलंत. सांगा.”

सगळे आनंदीबाईंकडे वळले. घरात काय, चारचौघांत काय, पुरुषाचं म्हणणं त्यांनी कधी खोडलं नव्हतं. “सर म्हणतात तसंच असेल,” त्या म्हणाल्या. “मला आता आठवत नाही.”

सानिकाने एकदा चषकाकडे पाहिलं. “आजा, तू गप ऱ्हा,” ती म्हणाली, आणि खातू सरांकडे वळून, “हो सर, आग जमिनीलाच रेटते.”

तरी पहिला नंबर मिळाला साबणाच्या फेसाच्या ज्वालामुखीला.

भागोजीने तीनही डबे गोणपाटात भरले. फाटकापाशी आनंदीबाईंनी त्याला गाठलं. “भागोजी, एप्रिलात गाळ काढायला येशील ना?”

“यंदा दुसरा कोन बगा, वयनी.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आनंदीबाईंनी वहीची मागची पानं उलटली. ‘भागोजी बरोबर’ निळ्या शाईत ठसठशीत होतं. आजच्या पानावर बरीच जागा शिल्लक होती. त्या उठल्या, परसात जाऊन विहिरीत दोर सोडून पाणी मोजून आल्या आणि शेवटची ओळ लिहिली:

‘विहिरीला पाणी सात हात. गाळ बराच आहे.’