बैठकीच्या फरशा

जुन्या इमारतींच्या डागडुजीत माझा जन्म गेला, आणि खरं सांगायचं तर मला माणसांपेक्षा दगड बरे वाटत आले. दगड मध्येच तोंड घालत नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गवंडी खाली मान घालून हसतात, हेही मला ठाऊक आहे.

टोकावड्याहून आत, डोंगराच्या अंगाला विद्यापीठाची एक दगडी इमारत आहे. इंग्रजांच्या काळातली. पूर्वी शेतीचे, जंगलाचे विद्यार्थी तिथे येऊन राहत. विद्यार्थी यायचे बंद झाले, पण मागच्या दालनाच्या आसऱ्याने राहणाऱ्या बायका, ज्यांना सगळे माई म्हणत, त्या राहिल्या. मी डागडुजीसाठी गेलो तेव्हा नऊ जणी होत्या. आसपासच्या गावांतल्याच, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी लग्नच न केलेली. पांढरं लुगडं नेसायचं, अंगणात भाजी लावायची, इमारत झाडूनपुसून ठेवायची. सकाळ-संध्याकाळ दालनात जमिनीवर गप्प बसायचं, एवढीच त्यांची भक्ती. मूर्ती नाही, फोटो नाही, आरती नाही. त्याला त्या बैठक म्हणत.

बैठकीत प्रत्येकीची जागा ठरलेली. एखादी गेली की तिची जागा रिकामी ठेवायची, नवी बाई येऊन राहीपर्यंत तिथे कुणी टेकायचं नाही. गेलेल्या बाईची त्यांच्याकडे दुसरी कसलीच खूण नसे.

मोठी माई सगळ्यांत जुनी. पोरसवदा वयात आली होती, आणि डोळे जाऊनही तिला पुष्कळ वर्षं झाली होती. जेवायला, न्हायला, अंगणात यायला तिला हात लागे. बैठकीला मात्र ती एकटी जायची. दाराशी पायातली चप्पल काढायची आणि अनवाणी तळवा फरशीवर ठेवून अंदाज घेत निघायची. एकीचा कोपरा उडालेला, एकीवरून बोटभर रेघ गेलेली, तिची स्वतःची मधोमध खोलगट. मोजत नव्हती ती, तिचे पाय ओळखत होते. बरोबर आपल्या जागेवर जाऊन बसायची आणि मग तिचा चेहरा असा निवायचा, की माझ्यासारखा तुसडा माणूसही हातातलं काम सोडून बघत राही. दिवसभरात तेवढी एकच गोष्ट ती स्वतःची स्वतः करत होती.

दालनाची जमीन एका बाजूला खचली होती. फरशा उचलायच्या, खाली चुन्याचा नवा थर द्यायचा आणि त्याच फरशा होत्या तशा बसवायच्या, असं ठरलं. मोठ्या माईला मी स्वतः सांगितलं, काळजी करू नका, तुमची फरशी तुमच्या पायाखालीच येईल. तिने माझा हात धरून मान हलवली.

एरवी आम्ही फरशीवर रंगाने आकडे टाकतो. पण जुन्या दगडाला रंग लावू नका, असं विद्यापीठाच्या साहेबांनी बजावलं होतं. मागच्या बाजूला छिन्नीने आकडा कोरता आला असता. सिद्धगडाकडच्या वाडीतला माझा म्हातारा गवंडी तसं म्हणालाही. मी त्याला झिडकारलं. फरशांचं चार दिवसांचं काम, खडू पुरे. कागदावर नकाशा काढला, प्रत्येक फरशीवर खडूने आकडा घातला आणि अंगणात रांगेने लावून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी चुना बघायला मी मुरबाडला गेलो. परत आलो तर फरशा उन्हात वाळवणासारख्या पसरलेल्या, काळ्याभोर, चकचकीत. एकीवरही आकडा नाही. धाकटी माई, म्हणजे साठी ओलांडलेली, हातात नारळाचा काथ्या घेऊन शेवटच्या फरशीवर पाणी ओतत होती. बाकीच्या विहिरीवरून कळश्या आणत होत्या. सकाळपासून त्यांचं तेच चाललं होतं, आणि मला मदत केली म्हणून सगळ्या खुशीत होत्या.

मी जे बोललो ते लिहवत नाही. कमरेत वाकलेल्या बायकांना बोललो. धाकटी माई कळशी खाली ठेवून एवढंच म्हणाली, "बैठकीत धुतल्याबिगार काय जात नाय, दादा. भाजी पन नाय, पाय पन नाय. आमाला काय ठावं?"

खरंच होतं. मी महिनाभर तिथे वावरत होतो, रोज पाय धुऊन दालनात जात होतो, आणि तरीही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

फरशा सगळ्या एका मापाच्या. मोबाईलमध्ये फोटो होते, पण अंधाऱ्या दालनात काळा दगड नुसता काळाच आला होता. थोड्या वेळाने धाकटी माईच पुन्हा जवळ आली. मोठीला अंगणात आणते म्हणाली, ती एकेकीवर पाय ठेवून सांगेल. मी नको म्हणालो. विद्यापीठाचे पाहुणे इमारत बघायला यायचा दिवस जवळ आला होता, हे कारण सांगितलं. खरं कारण निराळं होतं. ज्या बाईला शब्द दिला, तिच्यासमोर माझी चूक मला कबूल करायची नव्हती. अंदाजाने फरशा बसवून टाकल्या. जमीन झकास झाली, पाणसळ ठेवली तर बुडबुडा हलेना.

पहिल्या बैठकीला मोठी माई दाराशी आली. तळवा टेकवला, थांबली. पुन्हा टेकवला. दोन पावलं गेली, मागे आली, पायाने कडेकडेने चाचपत राहिली. बैठकीच्या वेळी बोलायचं नसतं. शेवटी तिला मधोमध खोलगट असलेली ती फरशी पायाला लागली. तिचा चेहरा सैलावला आणि ती खाली बसली. पण ती फरशी मी बसवली होती मागच्या वर्षी गेलेल्या माईच्या रिकाम्या जागेवर. समोर बसलेल्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण एकीनेही तिला उठवलं नाही.

बैठक संपल्यावर तिने शेजारी हात फिरवला. तिथे धाकटीचा गुडघा असायला हवा होता, लागली भिंत. मी दारातच उभा होतो. तिने मला हाक मारली.

"बाला, फरशा त्याच हायेत ना रे?"

"त्याच हायेत, मोठी माई. एक पन बदलली नाय."

तिने तळवा पुन्हा फरशीवरून फिरवला. मग म्हणाली, "मंग माजंच डोकं गेलं म्हनायचं. पायांना पन कळंनासं झालं."

धाकटी माईने माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून ती वाट बघत होती. बोलायला काय लागलं असतं? माई, तुमचे पाय बरोबर आहेत, मी चुकलो, एवढंच. मी गवंड्याला अवजारं आवरायला सांगितली.

त्यानंतर मोठी माई एकटी कधी बैठकीला गेली नाही. रोज धाकटीच तिला हात धरून जागेवर बसवत असे, आणि बसताना ती दोन्ही हातांनी जमीन चाचपून पाही, असं मला नंतर कळलं. दिवाळीच्या आधी ती गेली. शेवटपर्यंत ती आपल्या म्हातारपणाला दोष देत राहिली.