पंचावन्न किलो आणि आईचा आग्रह

ऐंशीचं दशक संपताना नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत एक जपानी पोरगा राहायला आलेला... कबड्डी शिकायला! नाव तोशिओ. मी आमच्या टीमचा कॅप्टन, म्हणून दोन महिने तो माझ्या गळ्यात.

पोरगा भलताच चपळ. आला तेव्हा वजन त्रेपन्न, आणि आमच्या पंचावन्न किलो गटात असा चढाईपटू नव्हता. कळव्याच्या स्पर्धेची ढाल मी मनातल्या मनात कपाटावर मांडूनही टाकलेली.

पण घरात आई होती...

तोशिओला घरची शिकवण अशी, की ताटात काही टाकायचं नाही. आईचं म्हणणं, पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये. तो संपवायचा, ही वाढायची... मी मधे डोकं धरून.

शेवटी मी त्याला "नको" म्हणायला शिकवलं. तो अगदी वाकून "नको" म्हणाला. आई म्हणाली, "बघ, किती लाजतोय!" आणि आणखी दोन पोळ्या.

"आई, त्याचं वजन वाढतंय गं!"

"मग काय, परमुलखातलं लेकरू वाळवून परत पाठवू?"

स्पर्धेच्या सकाळी काट्यावर साडेपंचावन्न! पंच म्हणाले, तासाभरात उतरवा, नाहीतर बाद. भर उन्हात त्याला दोन स्वेटर घालून मैदानाभोवती पळवला, मागून मी ओरडतोय...

काटा कसाबसा पंचावन्नवर आला. आणि पहिल्याच चढाईत पठ्ठ्याच्या पोटऱ्यांत गोळे! त्याला उचलूनच बाहेर आणला. पहिल्या फेरीतच आम्ही घरी.

मी भडकलो. "अरे, पोट भरलं की उठायचं ना!"

तो गोंधळून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ती कॅप्टनची आई. मला वाटलं, ऑर्डर आहे."



घरी येऊन सगळा राग आईवर काढला. तिने तेल कोमट करून आणलं आणि त्याच्या पोटऱ्या चोळायला बसली. तो संकोचाने पाय मागे घ्यायचा, ती घोटा धरून पुढे ओढायची... एकदाही सुटू दिला नाही. अशी पकड आमच्या अख्ख्या टीममध्ये कोणाची नव्हती.

ढाल गेली, ते अजूनही सलतं. पण ती दोघं तशी बसलेली बघितली, आणि रागवायचं कोणावर, तेच मला कळेना.