भिकाआप्पांचं वर्तमानपत्र

गिऱ्हाईक पायरी चढलं की भिकाआप्पा आधी समोरच्या कापडावर वर्तमानपत्र टाकायचे आणि मग म्हणायचे, “या.” शेजारच्या राज्यात, उधन्यात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. माणूस मूळचा धुळ्याकडचा. येणारा प्रत्येक जण आपला कट, म्हणजे कपड्याची बेतणी, चोरायलाच येतो, अशी त्यांची खात्री. मीही काही कमी संशयी नाही, म्हणून आमचं जमायचं.

कापड उघडं राहायचं ते फक्त आमच्यासमोर. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या आम्हा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा होता; लग्नांत, गणपतीत गायचो. आम्हाला “या” नाही, “ये रे भो” असायचं. आमचे कपडे आप्पाच शिवायचे आणि तसा कट दुसऱ्या ऑर्केस्ट्राला देणार नाही, हा त्यांचा शब्द होता. “ज्यानं माप, त्यानाच कट,” असं म्हणत ते टेप गळ्यात टाकायचे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा स्टेशनजवळ सायबर कॅफे निघाला. तिथे आम्ही एका परदेशी गायकाचं चित्र शोधलं. ते वरून खाली इतकं सावकाश उमटत गेलं, की पँटच्या गुडघ्यावरची चेन दिसेपर्यंत आमचा चहा संपला. छापून घेतलेला कागद काळापांढरा निघाला. रंग आम्ही अंदाजाने पिवळा ठरवला. आम्ही शोधलं म्हणजे चित्र आमचंच, अशी आमची भाबडी समजूत.

आप्पांनी कागद उलटा करून पाहिला. “चित्राले पाठ नही ऱ्हास, भो. मांगे काय शिवू?” मग मागची बाजू त्यांनी मनानेच केली. एकच खिसा, तोही तिरपा.

गणपतीत शेजारच्या पांडेसऱ्यात आमच्या आधी तिथला ऑर्केस्ट्रा स्टेजवर आला. तीच पँट, गुडघ्यावर तीच चेन. फक्त रंग जांभळा. आम्ही स्टेजवर गेलो तेव्हा लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी चार माणसांदेखत मी आप्पांना म्हणालो, “तुम्ही आमचा कट विकला.”

त्यांनी कात्री खाली ठेवली. “त्यासनी पाठ तू देखी का?”

उत्तर टाळतायत, असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं, असं वर सुनावून मी निघून आलो.

पुढे एका लग्नात ती जांभळी मंडळी उधन्यातच आली. मी मुद्दाम स्टेजच्या मागे जाऊन उभा राहिलो. पाचही पँटी मागून सपाट, खिसा नावालाही नाही. कॅफेवाल्याला विचारलं तर तो हसला. “बॉस, ये तो सबका है. पांडेसरावाले भी यही फोटो ले गये.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच दुकानात गेलो. “आप्पा, चुकलो.”

“ऱ्हाऊ दे, भो. चहा पी.”

ते रागावलेले दिसले नाहीत. चहा झाला, गावाकडच्या गप्पाही झाल्या. मी हलका होऊन घरी आलो.

पुढच्या आठवड्यात नवं कापड घेऊन पायरी चढलो. आप्पांनी मान वर करून पाहिलं, कापडावर वर्तमानपत्र टाकलं आणि मग म्हणाले, “या.”