ट्रॉयचा मार्क

माझ्या नवऱ्याचं नाव मोरेश्वर टेंभेकर. गाव नागपूर, मुक्काम ट्रॉय, मिशिगन. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत मॅनेजर. आम्ही दोघं कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे मी त्याला अरेतुरेच करते आणि त्याच्याबद्दल जे बोलायचं ते तोंडावर बोलते. तर हा मोरेश्वर रेडिओवर मार्क व्हायचा. दुपारी एक राजकारणाचा कार्यक्रम लागायचा, कट्टर रिपब्लिकन. लोक फोन करायचे आणि तो निवेदक त्यांच्याशी गप्पा मारायचा. लंच टाइमला पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून आमचं हे ध्यान फोन लावायचं. "हॅलो, धिस इज मार्क फ्रॉम ट्रॉय!" अस्सल सीताबर्डीचा उच्चार. आमची लेक इला पोट धरून हसायची. "बाबा, नोबडी थिंक्स यू आर मार्क!" तो म्हणायचा, "मोरेश्वर स्पेलिंग करून सांगेपर्यंत ब्रेक होते, बापा. जाहिराती लागतात."

हे खूळ शिरलं दोन हजार एकच्या हिवाळ्यात, न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यावर. पेट्रोल भरताना कुणीतरी त्याला "गो बॅक" म्हणालं, त्याच आठवड्यात त्यानं दारावर एवढा मोठा अमेरिकन झेंडा लावला आणि गाडीत तो रेडिओ. घाबरला होता, दुसरं काय! पण त्याला हे मी कधी बोलले नाही, कारण त्याचं सगळंच काही मला चुकीचं वाटायचं नाही. टॅक्स कमी असावा, कष्ट करणाऱ्याला किंमत असावी, कायदा सगळ्यांना सारखा असावा. आम्ही ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं रांगेत उभे राहिलो, सासूबाई गेल्या तेव्हा कागद अडकले म्हणून त्याला जाता आलं नाही. असा माणूस म्हणाला की रांग मोडणाऱ्यांचे लाड कशाला, तर त्यात काय खोटं आहे? मत म्हणून त्याचं आजही तेच आहे.

फक्त त्याला कौतुकाची भारी भूक. निवेदक म्हणाला, "मार्क, तुझ्यासारखी माणसं या देशाला हवीत," की स्वारी दोन दिवस तरंगत असायची. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही.

आता यतीनचं सांगते. यतीन पुण्याचा, वयानं आमच्या इलापेक्षा थोडा मोठा. बायको नेत्रा, पहिलीतला वीर. मोरेश्वरच्या कंपनीशेजारीच त्याचं ऑफिस, म्हणून दोघं एका गाडीतून जायचे. मोरेश्वरनंच त्याला त्या रेडिओचा नाद लावला. पटायचं नाही त्याला फारसं, पण काकांशी वाद घालता यावा म्हणून ऐकायचा. दोन हजार सातच्या जानेवारीत त्याची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला, त्याच दिवशी. खरं तर परत जायला हवं होतं. पण वीरची शाळा चालू, नेत्राचा जीव घाबरा, आणि मुख्य म्हणजे मोरेश्वर म्हणाला, "थांब रे, मी माझ्या बॉसशी बोलतो. तुझ्यासारखा माणूस त्याला पाहिजेच आहे." एकदा देश सोडला की पुन्हा व्हिसासाठी रांग, मिळाला तर मिळाला. म्हणून तो थांबला. आमच्या सोफ्यावर बसून म्हणाला, "काका, काकू, हे कुणाला बोलू नका. महाराष्ट्र मंडळातही नाही." मोरेश्वर छातीला हात लावून म्हणाला, "अरे, वेडा का तू?"

मे महिन्यात बॉस जवळजवळ तयार झाला. आणि तेव्हाच सिनेटमध्ये बेकायदा राहणाऱ्यांना कायदेशीर करायचं ते इमिग्रेशनचं बिल आलं. रेडिओवर दुसरा विषयच नाही. एके दुपारी माझा फोन वाजला. "अहिल्या, रेडिओ लाव, मी लाइनवर आहे!" मी थालीपीठ थापत होते. पिठाच्या हातानं बटण दाबलं.

सुरुवात छान केली त्यानं. आम्ही रांगेत उभे राहिलो, वगैरे. निवेदक म्हणाला, "मार्क, पण तुमच्या लोकांत असे कुणी नसतात, नाही का? तुम्ही लोक नियमानं चालता." तिथं हो म्हणून गप्प बसावं की नाही? पण नाही! याला निःपक्षपातीपणा दाखवायचा होता. म्हणाला, "नो सर, मी माझ्या लोकांनाही सोडत नाही. माझ्याच भागातला एक मुलगा आहे. जानेवारीत जॉब गेला, व्हिसा संपला, अजून इथेच आहे. त्याचा मुलगा आपल्या टॅक्सवर शाळेत जातो. माझ्या सोफ्यावर बसतो तो. मी त्याला सांगतो, गो होम, गेट इन लाइन."

बाई गं! माझ्या हातातलं थालीपीठ तव्याऐवजी ओट्यावर पडलं. आणि हे धडधडीत खोटं. जा म्हणाला होता कुठं? थांब म्हणाला होता! पण निवेदक केवढा खूश झाला! "असा अमेरिकन दुर्मीळ असतो, मार्क."

संध्याकाळी तो शीळ घालत घरात आला. मी दारातच गाठला. "मोरेश्वर, लाज नाही वाटत? त्या पोरानं विश्वासानं सांगितलं होतं."

"नाव कुठं घेतलं मी?"

"नाव सोडून बाकी काय ठेवलंस? आणि यतीननं ऐकलं असेल तर?"

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. दुपारी यतीन घरीच असतो आणि तोच रेडिओ ऐकतो, हे त्याच्या त्या क्षणी लक्षात आलं. बुटांच्या नाड्या सोडायला वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. "नसेल ऐकलं," एवढंच म्हणाला. "जाऊन सांग त्याला आणि माफी माग," मी म्हटलं. "उद्या सांगतो." असे उद्या किती झाले, देव जाणे.

त्याच रविवारी यतीनचा फोन आला. "काका, ठरवलं. आम्ही परत जातोय. वीरची शाळा संपली की लगेच."

दुसऱ्या दिवशी मोरेश्वर बॉसच्या केबिनमध्ये जाऊन अक्षरशः हातापाया पडला. बॉस म्हणाला, दोन आठवडे दे, करतो कागद. तसाच तो यतीनकडे धावला, मीही बरोबर होते. घरात खोक्यांचा पसारा. दुपारचे चार वाजलेले आणि खिडक्यांचे पडदे बंद.

"यतीन, दोन आठवडे थांब रे. काम झालंच समज. मी शब्द देतो."

"नको, काका." यतीन शांतपणे खोक्याला टेप लावत होता. "परवा पोस्टमननं बेल वाजवली तर नेत्रा वीरला घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसली. असं नाही राहता येत."

"अचानक असं काय झालं?" मोरेश्वरनं विचारलं. विचारलं बघा! मला वाटलं, आता तरी बोलेल. मी त्याला कोपरानं ढोसलं. यतीननं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काही नाही. कंटाळा आला." मोरेश्वर उठून खोकी उचलायला लागला.

मग सुरू झाला त्याचा प्रायश्चित्ताचा सोहळा. मोठ्या बॅगा आणून दिल्या. त्यांचा सोफा मंडळातल्या कुणाला विकून दिला. वीरसाठी एवढी चॉकलेटं आणली की नेत्रा म्हणाली, "काका, वजनात बसायचं नाही." जेवण जात नव्हतं त्याला. मी वाढायची, तो चिवडत बसायचा. एकदा म्हणाला, "अहिल्या, मी खरंच वाईट माणूस आहे का गं?" मला कीवही आली आणि रागही. म्हटलं, "वाईट नाहीस. टाळ्या मिळाल्या की तुला कुणी दिसत नाही. आणि आता भित्रा झालायस. जा, बोल." नाही बोलला. तोंड उघडायचा आणि बॅगेचं वजन विचारायचा.

आमच्यात एअरपोर्टला टॅक्सी कुणी करत नाही. आपलं माणूस सोडायला जातं, ही इथली रीतच आहे. यतीननं मंडळात कुणालाच सांगितलं नाही. मोरेश्वरलाच म्हणाला, "काका, तुमची व्हॅन मोठी आहे, सोडाल का?" हा लहान मुलासारखा सुखावला. मला म्हणतो कसा, "बघ, ऐकलं असतं तर मला बोलावलं असतं का त्यानं?"

निघालो. रेडिओ बंद. मागे मी, नेत्रा आणि झोपाळलेला वीर. नेत्रा माझ्याशी नीट बोलत होती, पण पुढे गाडी चालवणाऱ्या मोरेश्वरकडे एकदाही बघत नव्हती. तेव्हाच मी समजले.

बॅगा उतरवून झाल्या. नेत्रा वीरला घेऊन आत गेली. यतीन वाकून मला नमस्कार करून मोरेश्वरकडे वळला, तसे याचे पायच मागे सरले. "नको, नको रे!" म्हणाला आणि रडायलाच लागला, भर रस्त्यात, गाड्यांच्या रांगेत. "यतीन, रेडिओवर... तो मी होतो रे. मीच बोललो ते."

"माहीत आहे, काका. ऐकत होतो मी. नेत्रापण होती."

"मग... मग माझ्याच गाडीतून का आलास? एवढी माणसं आहेत मंडळात."

यतीन रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी सरळ, समजावून सांगावं तसं बोलला. "दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, अचानक का चाललात म्हणून. तुम्हाला काही सांगावं लागत नव्हतं."

मग तो वाकला, नमस्कार केला आणि ट्रॉली ढकलत आत गेला. मोरेश्वरला आशीर्वादही देता आला नाही.