आवाज जाण्याआधी तलमडुगुला

आदिलाबादला मी फिरायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. कुंतालाचा धबधबा कसा आहे हे वाचायला कुणी इथं आलं असेल तर त्याचा हिरमोड होईल, कारण धबधबा मी पाहिलाच नाही.

मी नागपूरची. भजनी मंडळं, कव्वालीवाले, गायन पार्ट्या यांचं गाणं त्यांच्या जागेवर जाऊन रेकॉर्ड करते. स्टुडिओ नाही. एक लॅपटॉप, थोडे माइक आणि कितीही नीट गुंडाळल्या तरी गुंता होणाऱ्या केबली, एवढाच संसार. डिसेंबरात सुजाताचा फोन आला. ती बोथला सरकारी ऑफिसात कारकून आहे. तिचे वडील वामन गुरुजी तलमडुगु मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका मराठी शाळेतून निवृत्त झाले. स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली त्यांची गाणी त्यांची पार्टी कित्येक वर्षं जयंतीला, विहारात, लग्नात गात आली आहे. पांढरकवड्याच्या एका कार्यक्रमात मी त्यांना ऐकलं होतं आणि माझा नंबर देऊन आले होते.

“ताई, बाबाच्या गळ्यात गाठ निंगाली,” सुजाता म्हणाली. “हैदराबादचे डाक्टर म्हंतात, आवाजाची पेटीच काढा लागते. पुढच्या हप्त्यात ऑपरेशन हाये. त्याच्या पह्यले येता का तुमी? बाबाचं एक बी गाणं धड रेकॉर्ड नाई. मोबाइलवर हाये ते नुसती खरखर.”

मी हो म्हटलं. लग्नाचं रेकॉर्डिंग बिघडलं तर शिव्या बसतात, इथं बिघडलं तर दुसरी वेळच नव्हती.

योगायोग असा की त्याच सुमारास मी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर नवं करून घेतलं होतं. जुन्या आवृत्तीत एक लाल बटण होतं. ते दाबायचं, प्रत्येक माइकची एक रेघ पुढं सरकायची, संपलं. नवी आवृत्ती स्वतःहून गोंगाट काढते, घुमारा काढते, ताल सरळ करते, वर एकत्र मिसळलेल्या आवाजांतून एकेक आवाज सोलून वेगळा करते. तिच्या जाहिरातीत एक तरुण बंद खोलीत कानाला हेडफोन लावून एकटाच अख्खी मैफल उभी करतो. ती जाहिरात बघतानाच मला शंका यायला हवी होती.

नागपूरहून आदिलाबादची बस पकडली. हिंगणघाट, पांढरकवडा आणि मग पैनगंगेचा पूल. रस्ता झकास आहे, कुठं खड्डा नाही, चार-साडेचार तासांत पोचता. पाहण्यासारखं मात्र काही नव्हतं. धुकं दुपारपर्यंत उतरलं नाही, दोन्हीकडं वेचणी होऊन गेलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या काळ्या पडून उभ्या होत्या आणि कापसाच्या गाड्यांमुळं जिनिंग मिलसमोर बस रांगेत अडकून पडली. आदिलाबादच्या स्टँडवर उतरून मिरची बज्जी खाल्ली. ती खा, पण चहा आधी पिऊन घ्या, नंतर जिभेला त्याची चव कळत नाही.

तलमडुगुकडं जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टर तेलुगूत बोलत होता, बायका मराठीत उत्तरं देत होत्या आणि कुणाचंच काही अडत नव्हतं. तेलंगणात बायकांना साधी बस फुकट आहे, पण आधार कार्ड तिथलं हवं. मी नागपूरचं कार्ड काढल्यावर कंडक्टरनं मान हलवून तिकीट फाडलं. शेजारच्या म्हातारीला माझी दया आली.

“तुमालेच काऊन तिकीट, बाई?”

“मी महाराष्ट्रातली ना.”

“मंग इकडं कोण मेलं?” तिनं अगदी सहज विचारलं. परगावची बाई एवढं सामान घेऊन या बसमध्ये आणखी कशाला येणार! मी केबलींची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

गुरुजींचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, दारात अबोलीची झाडं. गुरुजी बारीक झाले होते. गळ्याला मफलर. आवाज वाळूत पाय घासल्यासारखा येत होता.

“सकाळी थोडा वेळ बरा राह्यते,” ते म्हणाले. “चार गाणी निंगतील. मंग काई भरोसा नाई.”

त्यांच्या पत्नी कौसल्याबाई भाकरी थापत होत्या. पार्टीत त्या झील देतात. ज्यांनी झील ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुख्य गाणारा ओळीच्या शेवटी दम घेतो, तेव्हा तो शेवटचा शब्द खाली पडू न देता मागून उचलायचा आणि पुढच्या ओळीपर्यंत ताणत न्यायचा, ती झील. ऐकणाऱ्याला वाटतं गाणारा थांबलाच नाही. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. गुरुजींनी मात्र ताकात कुस्करलेला भात खाल्ला, तोही फार हळू. त्यांच्याकडं न बघता जेवणं मला जमेना.

सकाळी विहारात मांडामांड केली. वर पत्रे, खाली फरशी, म्हणजे आवाज घुमणारच. नवं सॉफ्टवेअर प्रत्येक आवाज वेगळा मागतं, तरच त्याच्या करामती चालतात. म्हणून मी सगळ्यांना लांब लांब बसवलं. ढोलकीवाला दारापाशी, पेटीवाला कोपऱ्यात आणि कौसल्याबाईंना तर मधल्या कपाटाआड गादी उभी करून तिच्यामागं. कानाला हेडफोन दिले. “मावशी, यात गुरुजी ऐकू येतील, त्यावर तुम्ही झील द्या,” म्हटलं. मोठी शहाणी मी.

गुरुजींनी पहिलं गाणं धरलं आणि झील प्रत्येक ओळीला उशिरा यायला लागली. शब्द पडायचा, मग घाईघाईनं त्या उचलायच्या. गुरुजींनी हात वर केला. त्यांच्या चार गाण्यांतलं अर्धं गाणं असंच वाया गेलं, आणि ते माझ्यामुळं गेलं.

“मावशी, काय होतंय? आवाज येत नाही का?”

“आवाज येते ना,” कौसल्याबाई गादीमागून बाहेर आल्या. “पण मी आवाज आयकून नाई देत झील. ह्यायची घाटी पाहून देतो.” त्यांनी स्वतःच्या गळ्यावर, कंठमण्याच्या जागी, बोट ठेवलं. “हे शबद सोडाच्या पह्यले घाटी वर चढते. ते चढली का मी उचलतो. आवाज आयकून देतो म्हनलं तं उशीरच होते.”

त्या इतकी वर्षं नवऱ्याच्या गळ्याकडं बघत गात आल्या होत्या, आणि त्याच गळ्यावर पुढच्या आठवड्यात सुरी चालणार होती. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. ढोलकीवाला उगाच दोऱ्या आवळत बसला.

मी गादी काढली, हेडफोन काढले, सगळ्यांना नेहमीसारखं गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. कौसल्याबाई गुरुजींच्या डाव्या हाताला, थोड्या तिरप्या. समोर दोन माइक. ते जोडून झाले होते, उरलेल्या केबली मी गुंडाळत होते, तेवढ्यात गुरुजींनी मफलर सोडला आणि गळा मोकळा करायला म्हणून आईवरचं गाणं धरलं. कापूस वेचून पोराला शाळेत घालणाऱ्या आईचं. ‘माझ्या मायच्या ओटीत कापूस, माझ्या पाटीवर अक्षर गं.’ आवाज खरखरला, मग अचानक उघडला. पांढरकवड्याला ऐकला होता तोच आवाज! ‘अक्षर गं’ कुठं संपलं आणि कौसल्याबाईंचं कुठं सुरू झालं ते मला समोर बसून कळलं नाही. मी केबल हातात धरून तशीच राहिले. गाणं संपलं आणि लक्षात आलं, मी बटण दाबलंच नव्हतं.

गुरुजी पुन्हा तेच गाणं म्हणायला गेले आणि दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. खोकल्याची उबळ आली ती थांबेना.

इथं मात्र नव्या आवृत्तीचे पाय धरावे लागतील. बटण दाबलेलं नसलं तरी माइक चालू असताना मागचा थोडा वेळ ती स्वतःजवळ साठवून ठेवते. मला हे वाचून माहीत होतं, विश्वास नव्हता. शोधलं तर गाणं होतं, पहिल्या शब्दापासून. मी सुजाताचा हात इतक्या जोरात दाबला की ती ओरडली.

पण ऐकायला लावलं तर गुरुजी होते, ढोलकी होती, पेटी होती आणि झील नव्हती. ओळ संपली की एकदम रिकामी जागा. कौसल्याबाई ऐकत होत्या, पदराशी चाळा करत राहिल्या. झील म्हणजे तोच शब्द, मागून येणारा, लांबणारा. सॉफ्टवेअरनं तिला पत्र्यांचा घुमारा समजून धुऊन टाकलं होतं! मेनूच्या पोटातल्या मेनूत त्या सफाईपुढची टिकची खूण कशीबशी सापडली. खूण काढली आणि झील परत आली. मूळ आवाज शाबूत होता. त्यानंतर ताल सरळ करू का, असंही ते विचारून राहिलं होतं. गाणं हळू सुरू होऊन कडव्याकडव्याला चढत जातं, ते त्याला चूक वाटत होतं. मी नाही, नाही, नाही असं दाबत गेले.

असल्या कामाला कुणी निघत असेल तर माझं ऐका. जुनी आवृत्ती काढून टाकू नका. नवीतली सगळी आपोआप सफाई घरूनच बंद करून निघा. बॅटरी सोबत घ्या, कारण वीज जाते. आणि माणसांना हलवू नका, माइक हलवा. ही सॉफ्टवेअरं दरवर्षी जास्त हुशार होतात, पण त्यांची सगळी हुशारी एकट्यानं गाणाऱ्यासाठी आहे. जे एकमेकांकडं बघून गातात, त्यांचं ती सारखं काहीतरी दुरुस्त करायला बघतात.

त्या सकाळी आणखी दोन गाणी झाली. चौथं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम थांबले, पण गुरुजींना शब्दच फुटेना. ते हसले आणि हातानंच ‘जा आता’ म्हणाले. सुजाता मला आदिलाबादपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, “बाबा गेल्यावर...” आणि मग घाईनं, “बाबाचा आवाज गेल्यावर पार्टी मीच धरीन म्हनतो. पण माह्यानं होते का, कोन जाने.” परतीच्या बसमध्ये मी गाणी ऐकली नाहीत. धीर झाला नाही.

ऑपरेशन पार पडलं. गुरुजी वाचले, आवाज गेला. महिन्याभरानं त्यांचा मेसेज आला. शिक्षकाचं मराठी, अनुस्वार जागच्या जागी. ‘आईच्या गाण्यातून माझा आवाज काढून टाकावा. बाकी सर्व ठेवावे. सुजाता त्यावर सराव करील.’

मी दोन दिवस टाळलं. मग नव्या आवृत्तीत ते गाणं टाकलं आणि आवाज वेगळे करायला सांगितले. ढोलकी सुटली. पेटी सुटली. गुरुजी आणि कौसल्याबाई सुटेनात. जिथं एकाचा शब्द दुसऱ्यानं धरला होता तिथं सॉफ्टवेअरला तो एकच गळा वाटत होता. गुरुजींना काढलं की झीलही जायची. झील ठेवली की गुरुजींचा श्वास मागं राहायचा. सगळ्या खुणा फिरवून पाहिल्या. शेवटी गुरुजींनी सांगितलं तसं केलं आणि सोबत लिहिलं, ‘माफ करा, मावशींचाही आवाज गेला. ओळींच्या शेवटी मोकळी जागा राहिली आहे.’ ते वाक्य लिहिताना मला स्वतःचाच राग आला.

काय राहिलं या प्रवासातून? तीन गाणी राहिली, ती चांगली आहेत. मूळ आवाजाच्या प्रती मी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला त्यांना हात लावू देत नाही. आदिलाबादची आठवण म्हणून मात्र डोळ्यांपुढं येतो तो मफलर, आणि त्याच्याकडं बघणाऱ्या कौसल्याबाई.

काल सुजाताचा व्हॉइस मेसेज आला. स्पीकरवर ढोलकी, पेटी, आणि त्यावर तिनं धरलेलं आईचं गाणं. पहिल्या कडव्याला आवाज कापतो, दुसऱ्यात लागतो. बापाइतका नाही, पण लागतो. ‘अक्षर गं’ म्हणून ती थांबते आणि मग काहीच नाही. पुढची ओळ, पुन्हा काहीच नाही. लांबचा आवाज गोंगाट समजून गाळून टाकणं आता फोनलाही येतं.

पाठोपाठ तिचा फोन आला. रडत होती की हसत होती, सांगता येणार नाही.

“ताई, आयकलं? आई चुलीपासून झील देऊन राह्यली होती. कोनी सांगतलं नाई तिले. बाबा पार ओसरीतून उठून आत आले. आली ना आयकू?”

“आली,” मी म्हटलं.